बिनधुराचे गोळे

लक्ष्मीची यात्रा ठरली आणि ढोल वाजवत ती बातमी वाडीभर फिरली, त्या संध्याकाळी रवळूअण्णांना घरात बसवेना. बेळगुंदीच्या अलीकडे, लाल मातीच्या उतारावर त्यांची ही वाडी. गाव एवढंसं, पण यात्रेचा थाट विचारू नका. आणि ती काही दरवर्षी येत नाही. एकदा होऊन गेली की पुन्हा होईपर्यंत पाळण्यातल्या पोरांना मिसरूड फुटतं. त्यामुळे बातमी कळल्याबरोबर कुणी घराला रंग काढायला धावलं, कुणी रुसून बसलेल्या पाहुण्यांना फोन लावले. अण्णांनी काय केलं? घरामागच्या परड्यात जाऊन मोठी कढई खाली काढली, कोळिष्टकं झाडली आणि बुडाला टिचकी मारून बघितली. कढई खणखणीत वाजली, तसे अण्णा खुलले.

"अवो, ठेवा ती कढई खाली," मागच्या दारातून जयाबाई म्हणाल्या. "डॉक्टर काय म्हणालता, इसरला व्हय?"

अण्णा विसरले नव्हते. विसरायची फार इच्छा होती, एवढंच.

आता हे रवळूअण्णा कोण, ते सांगायला हवं. तसे ते शेतकरी. पावसाळ्यात भात, मग रताळी, बांधाला काजू. मुलगा सौरव उद्यमबागेतल्या एका कारखान्यात, सून दिपाली शहरात एका पतसंस्थेत. पण आजूबाजूच्या गावांत जाऊन "शेतकरी रवळू कुठं राहतात?" असं विचारलंत तर लोक डोकं खाजवतील. "मटणाचे रवळूअण्णा" म्हणालात की पोरंटोरं तुम्हाला दारापर्यंत आणून सोडतील. आमच्याकडे मोठ्या जेवणाचं मटण बाप्ये करतात, आणि त्या बाप्यांमध्ये अण्णांचा हात वेगळा. एरवी हा माणूस चार लोकांत तोंड उघडणार नाही. बैठकीत मागच्या रांगेत बसणार, विचारलं तर मान डोलावणार. पण एकदा का कमरेला लुंगी खोचून चुलीपुढे उभा राहिला की पंचायतीच्या मेंबरालासुद्धा "बाजूला सर, सावली पडतीया" म्हणून ओरडायला कमी करायचा नाही. मेंबरही निमूट सरकायचा, कारण पुढे खिम्याचे गोळे मिळायचे असत.

ते गोळे म्हणजे अण्णांची ओळख. बाहेरून तांबूस, आत मऊसूत, बोटानं दाबला तर रस सुटायचा. लोक रश्श्याची वाटी बाजूला ठेवून आधी गोळ्याकडे वळायचे.

आणि गेल्या वर्षी रताळी काढताना अण्णांच्या छातीत कळ आली. सौरवनं तिथूनच गाडीत घातलं, बेळगावच्या दवाखान्यात नेलं, काळजात जाळी बसवली. निघताना डॉक्टरनं यादीच वाचली. चूल बंद, धूर बंद, तळण बंद, मीठ बेतानं. मटणाची एखादी फोड कधीतरी चालेल.

"मग करायचं काय मी?" अण्णांनी विचारलं.

"फिरायला जायचं, रोज," डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून अण्णा रोज सकाळी फिरायला जात, आणि कुणाच्या परड्यात चूल पेटलेली दिसली की लांबूनच उभे राहून बघत. मटणाची कामं आता नागोजी करायचा. नागोजी अण्णांच्याच हाताखाली कांदा चिरत चिरत तयार झालेला. चांगला गडी, पण जरा घाईचा. मसाला भाजताना त्याचं लक्ष फोनात असायचं.

यात्रेची तारीख कळली आणि दुसऱ्याच दिवशी बोरगावहून बाळाबाईंचा फोन आला. बाळाबाई म्हणजे अण्णांची थोरली बहीण, आक्का. निपाणीच्या पलीकडे दिलेली, उभा जन्म तिकडच्या तंबाखूच्या शिवारात गेलेला.

"रवळू, मी यात्रंला येणार," आक्का फोनवर ओरडूनच बोलायच्या. "पोरं नगं म्हणत्यात. म्हणत्यात, गाडीत बसवणार न्हाय तुला. मी येणारच."

"ये की गं आक्का. कोण नगं म्हणतंय?"

"पर दात न्हाईत रं आता. फोड चावत न्हाय. रस्सा पिईन, आनि तुझं गोळं खाईन. तुझ्या हातचं हां! त्या नागोजीच्या हातचं मी खायची न्हाय, आधीच सांगतो."

फोन ठेवला आणि अण्णा दारातल्या कट्ट्यावर बसून राहिले. त्यांच्या घरची रीत होती. यात्रेच्या मटणाच्या दिवशी भावानं माहेरवाशिणीला आपल्या हातचा पहिला घास भरवायचा, मग बाकीच्यांनी ताटावर बसायचं. आणि ही काही नुसती बहीण नव्हती. आई गेली तेव्हा अण्णा अंगणात रांगत होते, आणि परकरातल्या आक्कानं त्यांना कडेवर घेतलं ते तिचं लग्न होईपर्यंत खाली ठेवलं नाही. आता आक्कांनी ऐंशी ओलांडलेली. पुढच्या यात्रेचं गणित सगळ्यांना येत होतं, म्हणून कुणी ते मांडत नव्हतं. ह्या यात्रेला आक्काला आपल्या हातचा गोळा भरवता आला नाही, तर तो मग राहिलाच.

संध्याकाळी त्यांनी घरात विषय काढला. जयाबाईंनी साफ नाही म्हणून सांगितलं. सौरव वडिलांना म्हणाला, "आप्पा, नागोजीकाका करतील गोळे. तुम्ही फक्त भरवा की. तिला काय कळणार आहे?"

"दुसऱ्याच्या हातचं माझं म्हणून भरवू? आक्काला?" अण्णांचा आवाज चढला. "तिला कळंल न कळंल. मला कळंल की रं!"

दिपाली स्वयंपाकाच्या कट्ट्यापाशी रताळ्याचे काप करत होती. तिच्या एअर फ्रायरमध्ये ते रोज व्हायचे. पतसंस्थेतून दमून यायची, काप आत ढकलायची, साडी बदलून येईपर्यंत ते खुसखुशीत झालेले असायचे. ते यंत्र म्हणजे ह्या घरात तिची एकटीची मिरास होती, कुणी हात लावायचा नाही. तिनं खण बाहेर ओढला, काप ताटात ओतले आणि ताट हातात धरूनच उभी राहिली.

"मामा," ती सासऱ्यांना म्हणाली, "गोळे ह्यात केले तर?"

अण्णांनी त्या काळ्या डब्याकडे बघितलं. "ह्यात? ह्यात आग कुटं हाय?"

दिपालीनं खण काढून त्यांना वाकून आत बघायला सांगितलं. वर छताला तांबडी लाल कॉईल दिसत होती, तिच्यावर पंखा. "ही तापते, पंखा गरम वारा खाली फेकतो. धूर नाही, तेल नाही, पुढं उभं राहायला नको."

अण्णांचे डोळे असे चमकले की जयाबाईंना आधी भीतीच वाटली. पण त्यांचा मुद्दा वेगळाच निघाला. ह्या घरात मटण माजघराच्या उंबऱ्याच्या आत शिजत नाही. देव आत, मटण परड्यात, भांडीसुद्धा वेगळी. जयाबाई सासूकडून हे शिकल्या होत्या आणि सुनेच्या राज्यातही त्यांनी ते सोडलं नव्हतं.

"करा," त्या म्हणाल्या. "पर ह्यात एकदा मटान शिजलं की हे परत माझ्या कट्ट्यावर यायचं न्हाय. आत्ताच सांगून ठेवते."

सगळ्यांनी दिपालीकडे बघितलं. तिनं ताटातल्या कापांकडे बघितलं, एक तोंडात टाकला, सावकाश खाल्ला. मग प्लग काढला, यंत्र दोन्ही हातांनी उचललं आणि मागच्या दारानं सरळ परड्यात घेऊन गेली. "आजपासून हे मामांचं," आत ऐकू येईल अशा आवाजात ती म्हणाली. अण्णा तिच्यामागून जवळजवळ पळतच गेले.

बोअरच्या मोटरचं बटण होतं तिथं जोडणी झाली. गोठ्याच्या बाजूला, फणसाखाली, जुनं टेबल मांडलं, त्यावर यंत्र. म्हशीनं मान वळवून एकदा बघितलं आणि पुन्हा वैरणीत तोंड घातलं. पुढच्या बुधवारी पहिली चाचणी. जयाबाईंनी डॉक्टरचं नाव घेऊन खाटकाकडून बिनचरबीचा खिमा आणवला. अण्णांनी तो परातीत घेतला, आलं-लसूण, कोथिंबीर, घरची चटणी, डाळ्याचं पीठ घालून मळला. किती दिवसांनी हात खिम्यात गेले होते! मळता मळता अण्णा गुणगुणायला लागले. जयाबाईंनी ते ऐकलं आणि आत गेल्या.

गोळे वळून झाले. आता कढईत घाणा टाकायचा म्हणजे कसा, मोकळी जागा ठेवायची नाही, ही अण्णांची हातातली सवय. त्यांनी खण शिगोशीग भरला. दिपालीनं बटण फिरवलं. यंत्र घूं करायला लागलं.

"आता मी काय करू?" अण्णांनी विचारलं. त्यांचा उजवा हात झारा शोधत होता.

"काही नाही मामा. थांबायचं."

"सैपाकात थांबायचं?"

ते काही जमलं नाही. अण्णा जरा वेळ झाला की खण ओढून आत बघायचे. दिपाली म्हणायची, "सारखं उघडू नका, वारा बाहेर जातोय." अण्णा म्हणायचे, "उगडत न्हाय गं, नुसतं बघतोय." शेवटी यंत्र टिंग करून थांबलं. वरचे गोळे काळपट आणि टणक, खालचे पांढुरके आणि ओले. तेवढ्यात नागोजी आला. त्यानं वरचा एक उचलून दाढेखाली धरला, डोळे मिटून जोर लावला आणि काढून पुन्हा ताटात ठेवला.

"अण्णा," तो म्हणाला, "गोफणीला चालतील बघा. पाखरं राकायला."

एरवी अण्णा हसले असते. आज त्यांच्या डोळ्यांपुढे आक्कांच्या रिकाम्या हिरड्या होत्या. त्यांनी ताट उचललं आणि गोळे कुत्र्याला घातले. कुत्र्यानं ते खाल्ले, पण वेळ लावून.

दुसऱ्या दिवशी दुपारी दिपालीला सुट्टी होती. ती परड्यात धुणं वाळत घालायला गेली तर अण्णा यंत्रापुढे बसलेले. यंत्र रिकामंच चाललेलं, आणि अण्णांनी मागच्या जाळीपुढे तळहात धरलेला.

"मामा, काय करताय?"

"हिकडं ये. हात धर हितं." तिनं धरला. "काय लागतंय?"

"गरम वारा."

"चैतातला वारा हाय ह्यो!" अण्णा उठून उभेच राहिले. "मी ह्याला कढई समजून बसलो गं! कढईत तेल गोळ्याला चारी बाजूनं धरून ठेवतंय, आतला रस आत ऱ्हातोय. हितं धरणारं कोन न्हाय. हितं वारा सुटलाय. वाऱ्यात वस्तू वाळणारच. मग ओल आपनच द्याय पायजे, आतनं!"

दिपाली ओला टॉवेल हातात घेऊन ऐकत राहिली. तिनं इतके दिवस त्यात काप केले, शेंगदाणे भाजले, पापड भाजले. ते सगळं वाळायचंच असतं, त्यामुळे हा प्रश्न तिला कधी पडलाच नव्हता. "आणि मामा, खण भरायचा नाही," ती म्हणाली. "माझे काप एकावर एक पडले की खालचे असेच पांढरे राहतात. वारा खाली गेलाच पाहिजे. एक थर, सुटे सुटे. आणि मध्ये एकदा उलटायचे."

"उलटायचं? म्हंजे झारा चालतोय?"

"चिमटा चालतो."

"चिमटा तर चिमटा!" अण्णांना हाताला काम मिळालं, ह्याचाच आनंद फार झाला.

पण ओल द्यायची कशी? पाणी घातलं तर गोळा सुटणार. अण्णा परड्यात येरझाऱ्या घालायला लागले. पेरूच्या झाडापर्यंत जायचे, परत यायचे. आणि असेच परत येताना ते मध्येच थांबले, कारण त्यांना शिळी भाकरी आठवली. ते लहान होते तेव्हा मटणाचा वाटा घरात यायचा तो मूठभर. खाणारी तोंडं पुष्कळ. तेव्हा आक्का त्या मूठभर खिम्यात कालची तांदळाची भाकरी कुस्करून रश्श्यात भिजवून मिसळायची, म्हणजे प्रत्येकाच्या ताटात गोळा पडायचा. पुढे अण्णांचे दिवस बरे आले, नाव झालं, तशी त्यांनी भाकरी बंद केली. लोक म्हणाले असते, रवळू खिम्यात लबाडी करतो. आणि भाकरीच्या त्या गोळ्याइतका मऊ गोळा त्यांनी पुन्हा कधी केला नव्हता, हे त्यांना आत्ता पेरूच्या झाडाखाली कळलं.

"जया!" एरवी बायकोला नावानं हाक न मारणारा हा माणूस तिथूनच ओरडला. "कालची भाकरी हाय काय गं?"

दुसऱ्या चाचणीला खाटकाला निरोप गेला, खिमा हातानं तोडून दे आणि थोडी चरबी राहू दे. जयाबाईंच्या कपाळाला आठी पडली, तेव्हा दिपाली म्हणाली, "आत्या, ती वितळून खाली पडते, जाळीखाली साठते. मी दाखवते तुम्हाला. आणि खाणार आक्का आहेत." भाकरी हाडांच्या गरम पाण्यात भिजली, पिळून खिम्यात गेली. कांदा चिरला नाही, किसला. गोळे हलक्या हातानं वळले, आवळले नाहीत. खणात एक थर, सुटे सुटे. अण्णांनी मध्ये एकदाच खण उघडला, चिमट्यानं एकेक गोळा असा उलटला की जणू तापलेल्या पोराला कूस बदलून देतायत.

टिंग झालं. सगळी वाकून बघायला लागली. गोळे तांबूस, टम्म, आणि वास असा की नागोजीची बायको कुंपणापलीकडून "काय शिजतंय वो?" म्हणाली. अण्णांनी एक बोटानं दाबला आणि आतून वाफ आणि रस दोन्ही एकदमच आली. त्यांनी तो जयाबाईंना दिला. आपण खाल्ला नाही. गोळा म्हणजे तळण आणि तळण म्हणजे बंद, हे ह्या घरात इतकं पक्कं बसलेलं की कुणाच्या मनातसुद्धा काही आलं नाही. जयाबाईंनी गोळा खाल्ला. मग ताटातला दुसरा उचलला. चाळीस वर्षांच्या संसारात ह्याहून मोठी शाबासकी अण्णांना मिळालेली नव्हती.

आणि मग यात्रा आली.

गाड्या थेट शेतापर्यंत लागल्या. भंडाऱ्यानं रस्ते पिवळे झाले, माणसं पिवळी झाली, दारातली कुत्रीसुद्धा पिवळी. ढोलांनी कानठळ्या बसत होत्या आणि मटणाच्या दिवशी तर घराघराच्या परड्यातून धूर उठला. अण्णांच्याही परड्यात, लांबच्या कोपऱ्यात, वाऱ्याची दिशा बघून नागोजीनं मोठी चूल मांडली होती. पाहुण्यांचं मटण त्याच्याकडे. आणि ह्या कोपऱ्यात, फणसाखाली, टेबलावर अण्णांचा डबा. अण्णा सकाळपासून लुंगी खोचून तयार.

आक्का नातवाच्या गाडीतून उतरल्या. दोघांनी धरून आणून फणसाखाली बाजेवर बसवल्या. इरकली लुगडं, कपाळभर कुंकू, आणि आल्या आल्या पहिला प्रश्न, "चूल कुटं हाय?"

"हीच चूल, आक्का."

आक्कांनी मान तिरकी करून बघितलं. "ही? ही तर रेडिओवानी दिसतीया. गानं लावतोस काय गोळ्याला?"

सगळं परडं हसलं. अण्णाही हसले. दिपालीनं यंत्र तापत ठेवलं आणि ती ताटं आणायला आत गेली. अण्णांपुढे वळलेल्या गोळ्यांचं ताट. आणि इथं जे झालं, ते आमच्याकडच्याच माणसाच्या हातून व्हायचं.

रीत अशी की पहिला घाणा टाकायच्या आधी खिम्याची चिमूट आगीला द्यायची, मग आपण रांधायचं. अण्णांनी आयुष्यात एकदाही ही चिमूट चुकवली नव्हती. चाचण्यांच्या वेळी दिली नाही, कारण ती चाचणी. आज यात्रा होती, समोर आक्का होती, आज चुकवून कसं चालेल? अण्णांनी खण बाहेर ओढला, वाकून आत बघितलं. वर कॉईल लालभडक. आग तर होती, फक्त वर होती. अण्णांनी चिमूट कपाळाला लावली आणि खालून वर नेम धरून फेकली. बरोबर चिकटली. अण्णांनी हात जोडले, गोळ्यांचा थर लावला, खण आत सारला.

यंत्रानं घूं केलं, मग फस्स केलं, आणि मग मागच्या जाळीतून काळा धूर असा भसाभसा आला की फणसाखालची बायका-पोरं उठून पळाली. धूर नेमका अण्णांच्या तोंडावर. अण्णांना खोकला लागला, तो थांबेचना.

दिपाली ताटं टाकून धावली आणि प्लग उपटला. जयाबाई अण्णांना दंडाला धरून बाजूला ओढत होत्या आणि तोंड चालू होतं, "धूर नको म्हनून हे आनलं, आनि ह्यांनी ह्याचंच धुराडं केलं! काय टाकलाव आत? काय टाकलाव?"

"अण्णा!" पलीकडून नागोजी ओरडला. "कढई तापलीया, आना हिकडं गोळं! झटक्यात तळून देतो!"

खोकला ओसरला. अण्णांनी यंत्राकडे बघितलं. सुनेची हौसेची वस्तू जाळली आपण, आणि आक्का उपाशी बसलीय. त्यांनी खण ओढला, गोळे चिमट्यानं ताटात काढले, ताट उचललं आणि धुरात बुडालेल्या त्या मोठ्या चुलीकडे चालायला लागले. ते काय करायला निघालेत हे सगळ्यांना कळलं. नागोजीच्या हाती ताट देऊन ते परत येणार नव्हते. झारा स्वतः धरणार होते. जयाबाई आडव्या आल्या. अण्णा त्यांना वळसा घालून पुढे गेले.

"रवळू."

आक्कांनी आवाज चढवलासुद्धा नाही. "हिकडं ये. बस खाली."

आणि पिकल्या केसांचा हा माणूस ताट घेऊन परत आला आणि बाजेच्या पायाशी मांडी घालून बसला.

"मला काय घाई न्हाय," आक्का म्हणाल्या. "बोरगावास्नं आलोय ते धुरात तुला मारायला न्हाय. पोरीला बघू दे काय झालंय ते. आनि नागोजी, तू तुझं मटान हलीव, खाली लागल्याचा वास येतोय."

नागोजीनं घाईघाईनं पळी घातली. खरंच लागत होतं.

दिपालीनं यंत्र गार होऊ दिलं, उलटं केलं, आत डोकावली. जुना टूथब्रश आणून घासता घासता तिनं विचारलं, "मामा, खरं सांगा, काय टाकलं?"

"आगीचा घास," अण्णा खाली मान घालून म्हणाले. "आग वर हुती. म्हनून वर फेकला."

दिपालीच्या हातातला ब्रश थांबला. अण्णांना वाटलं, आता ही बोलणार, आणि बोलावंच तिनं. पण तिला हसू आवरेना. ती हसायला लागली ती टेबलाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मामा, वरच्या वर, एका नेमात?"

"एका नेमात," अण्णा जरा अभिमानानंच म्हणाले.

घास तर द्यायलाच हवा होता. मग आक्कांनीच तोड काढली. जयाबाईंनी नागोजीच्या चुलीतला एक निखारा खापरीवर घालून आणला, वाऱ्याच्या पलीकडे ठेवला. अण्णांनी चिमूट दिली, दिपालीनं ती नेऊन निखाऱ्यावर वाहिली. आगीला आगीचं मिळालं.

आता यंत्र सुरू होतंय का, हे बघायचं होतं. पळालेली पाहुणेमंडळी परत आली होती, नव्यांना जुनी सांगत होती. सौरव मोबाईल धरून उभा. दिपालीनं प्लग खोचला, खटका दाबला. काहीच नाही. दिपालीनं खण पुन्हा नीट आत ढकलला, आणि घूं!

अख्खं परडं ओरडलं. कुणीतरी भंडारा उधळला, तो यंत्रावर पडला, जयाबाईंनी पदरानं पुसला. अण्णांनी गोळ्यांचा थर लावला. ह्या वेळी ते खण उघडायला धडपडले नाहीत, पण बसलेही नाहीत. मध्ये एकदा उलटले. वास सुटायला लागला तशी पोरं पुढे सरकायला लागली, त्यांना मागे सारायला अण्णांनी जुनी आरोळी दिली, "बाजूला सरा, सावली पडतीया!" इतक्या महिन्यांनी हा आवाज ऐकून पलीकडे नागोजीनं पळी वर करून दाखवली.

टिंग.

अण्णांनी ताटात गोळे काढले. एक उचलला, फुंकून गार केला, मधोमध मोडला. वाफ आली. अण्णा आक्कांपुढे गुडघ्यावर बसले आणि अर्धा गोळा त्यांच्या तोंडाशी नेला. आक्कांनी तोंड उघडलं नाही.

"आदी तू," त्या म्हणाल्या.

"मला तळन बंद हाय, आक्का."

"तळन कुटं हाय ह्यात? मी मघाधरनं बघतोय. थेंबभर तेल घातलं न्हाईस."

जयाबाईंनी दिपालीकडे बघितलं, दिपालीनं सौरवकडे. एवढे दिवस हे सगळे त्या डब्याभोवती नाचत होते, वारा, ओल, भाकरी, चरबी सगळं बोलून झालं होतं, आणि हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. अण्णांच्याही नाही. डॉक्टरनं एखादी फोड चालेल म्हटलेलंही सगळे विसरले होते. जयाबाईंनी सावकाश मान हलवली. हो.

आक्कांनी अण्णांच्या बोटांतून तो अर्धा गोळा काढून घेतला आणि त्यांच्याच तोंडात घातला.

अण्णा चावत राहिले. वर्षभर लोकांच्या ताटात वाकून बघितलेली, कुंपणावरून हुंगलेली ती चव होती, आणि तिच्या तळाशी भिजलेली भाकरी. अण्णांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. पाहुणे बघत होते, पोरं बघत होती, बघू देत. इतका आनंद त्यांना दवाखान्यातून जिवंत परत येताना झाला नव्हता. त्यांनी घास गिळला, उरलेला अर्धा हातात धरला, आणि एकदम त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"आक्का," ते म्हणाले, "मीठ कमी पडलंय गं."

"मला काय ठावं?" आक्का खेकसल्या. "मी अजून खाल्लंय कुटं? भरीव की आता!"